अडीच मीटर खाली

पवनीच्या त्या खाजगी दवाखान्यात ईसीजीची पट्टी नीट निघत नव्हती. पेशंटच्या ठोक्यांवर करवतीसारखे बारीक दाते चढायचे. मला नागपूरहून बोलावलं. दोष सरळ होता. ट्रान्सफॉर्मर, लिफ्ट, इन्व्हर्टर, सगळ्यांची अर्थिंग एकाच खड्ड्यात होती. लिफ्ट हलली की मशीनमध्ये खरखर.

मी मशीनची अर्थची वायर वेगळी करून थेट खड्ड्यापर्यंत नेली. मग मशीनच्या साऱ्या क्लिपा एकमेकींना जोडून टेबलावर ठेवल्या. अंगाला काही लावलेलं नाही, म्हणजे स्क्रीनवर रेषा सपाट हवी.

दाते गेले. त्यांच्याखालून ठोके निघाले. स्वच्छ, मिनिटाला अडुसष्ट.

लिफ्ट बंद केली, इन्व्हर्टर बंद केला, मशीन बॅटरीवर घेतलं. अडुसष्टच. अर्थची वायर काढली की सपाट. लावली की अडुसष्ट.

फरशी पुसणारी देवकाबाई पोछा धरून स्क्रीनसमोर थांबली होती.

"आमचे मालक हायेत," ती म्हणाली. "इथचा पाया खोदाले आले होते. घरी आलेच नाही. चार वर्सं झाले."

"बाई, हा विजेचा दोष आहे."

डॉक्टर दारातून म्हणाले, "दुपारी पेशंट आहेत. रेषा सपाट करून द्या."

अर्थशिवाय मशीन पेशंटला लावता येत नाही. उपाय एकच होता, अर्थिंग आणखी खोल नेणं. मागच्या अंगणात, जुन्या खड्ड्याला लागून, तीन मीटरचा रॉड ठोकायला घेतला. खिडकीतून मशीनची पीप-पीप ऐकू येत होती. घाव पडेल तशी ती वाढत गेली. नव्वद झाली असेल. मग एकशेवीस.

देवकाबाई येऊन शेजारी उकिडवी बसली. तिनं तळहात जमिनीवर ठेवला.

"हळू ठोका, साहेब. दुखून राहिलं त्यायले."

मी हळू ठोकलं नाही. मला ते संपवायचं होतं.

अडीच मीटरवर माती एकाएकी मऊ लागली. एका घावात रॉड वीतभर आत गेला.

पीप लांबली. मग तुटलीच नाही.

"छान," आतून डॉक्टर म्हणाले. "झालं काम."

देवकाबाईनं हात उचलला, पदराला पुसला. रडली नाही.

"किती वाजले, साहेब?"

"अकरा चाळीस."

"पोरीले फोन करतो," ती उठत म्हणाली. "दिवस बुडाच्या आत मातीचं उरकाव लागन."