पाहणाऱ्याची सही

सरांचा फोन आला तेव्हा रविवारच्या दुपारचे दोन वाजले होते आणि मी ओटा पुसत होते. "खोक्यात नवा कागद घाल, तासाभराची एक पट्टी काढ आणि मला घरी आणून दे," ते म्हणाले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सरांचा जीव प्रयोगशाळेतच अडकलेला. मी किल्ल्या घेतल्या. जायला दहा मिनिटं, आणि बाहेर चांगलं लखलखीत ऊन होतं.

आमची प्रयोगशाळा संभाव्यतेची. तिथे नळ्या नाहीत, रसायनं नाहीत. माझी आई तर अजून नातेवाइकांना सांगते, "आमची मुलगी नाणी उडवते." तसं ते अगदीच खोटं नाही. खोका म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यातल्या एका बारीक भागात विजेची सतत खरखर चाललेली असते, आणि त्या खरखरीतून दर दोन सेकंदांनी एक आकडा निघतो, शून्य किंवा एक. कुठला निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. तो कागदाच्या अरुंद पट्टीवर छापला जातो. पट्टी संपली की तिच्या टोकाला दोन सह्या होतात, एक खोका चालवणाऱ्याची आणि एक शेजारी बसून पाहणाऱ्याची. पाहणाऱ्याची सही नसेल तर ती पट्टी रद्दी. सरांचा हा नियम कुणी कधी मोडला नाही.

आता बारकीबद्दल सांगते. ती माझ्यानंतर सहा वर्षांनी आली. सगळे तिला बारकी म्हणायचे. नव्या विद्यार्थ्याने आधी दोन हजार वेळा नाणं उडवून छापा की काटा ते वहीत लिहायचं, ही आमच्याकडची रीत. मी आले तेव्हा तीनशे वेळा उडवलं आणि पुढचं मनाने लिहून टाकलं. सरांनी वही चाळली आणि दोन मिनिटांत परत दिली. "ओळीने सात छापे कुठेच नाहीत. मनाने लिहिणाऱ्याची तेवढी छाती होत नाही. पुन्हा कर." बारकीच्या वहीत ओळीने सतरा छापे होते. सर ती वही घेऊन खोलीभर फिरले, प्रत्येकाला दाखवत. मीही वाहवा केली, पण माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. सतरा मला का नाही पडले? मी तरी दुसऱ्या वेळेला सगळे खरेच उडवले होते.

वाईट म्हणजे ती मला ताई म्हणायची, डबा माझ्याशेजारी बसून खायची, आणि नवं काही सुचलं की आधी माझ्याकडे धावत यायची. तिचं काम असं होतं की एकाच आकड्याची लांब रांग साधारण कधी येईल याचा अंदाज बांधायचा. एका सकाळी आम्ही दोघीच होतो. ती खोका चालवत होती, मी पाहत होते. तिने सांगितलेल्या वेळेच्या आसपास खोक्याने एक, एक, एक असे ओळीने तेवीस वेळा छापले. तेवीस. असा तास दहा हजार तासांत एखादा. ती माझा हात घट्ट धरून बसली होती.

"ताई, बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग कर ना सही."

"उद्या करते ग. पेन नाहीये." पेन माझ्या पर्समध्ये होतं.

पुढच्याच महिन्यात कायमची जागा निघाली. जागा एक आणि आम्ही दोघी. निवड समितीने ती पट्टी पाहिली आणि विचारलं, पाहणारं कोण होतं? मला बोलावलं. बारकी समोरच्या खुर्चीवर निर्धास्त बसली होती, कारण ताई होती ना.

मी म्हणाले, "त्या दिवशीचं मला आठवत नाही."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पट्टी खोटी ठरली, ती घरी निघून गेली, आणि दोन महिन्यांत तापाचं निमित्त होऊन गेली. जागा मला मिळाली. लोक म्हणतात, माणूस गेलं की हेवा संपतो. माझा नाही संपला. सर अजून बोलताबोलता म्हणतात, "बारकी असती तर..." आणि माझा जळफळाट होतो.

तर त्या रविवारी मी कुलूप काढलं, कागद घातला, बटण दाबलं आणि स्टुलावर बसले. पाहायला कुणीतरी भेटेल असं वाटलं होतं, पण इमारतीत चिटपाखरू नव्हतं. गरम कागदाचा वास सुटला. खोक्याची टक् टक् सुरू झाली. थोड्या वेळाने लक्षात आलं की दर टकटकीच्या जरा आधी आणखी एक आवाज येतोय. आतल्या खोलीतून. लाकडी टेबलावर नाणं पडल्याचा... मग लिहायला लागावा तेवढा थांबा... मग पुन्हा नाणं.

आतली खोली बारकीची होती. दाराला बाहेरून कडी लावलेली होती.

मी पट्टीकडे पाहिलं. एक. एक. एक. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत गेले. सतरा झाले. तेवीस झाले. खरं सांगते, भीतीच्या आधी मनात आलं ते हे, की मेली तरी हिचंच बरोबर येतंय.

"ताई..." आतून आवाज आला. अगदी हळू. "बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणाले. "करते सही. आत्ता करते."

बटण मी दाबलं असलं तरी खोका मी चालवत नव्हतेच, मी फक्त पाहत होते. पट्टी संपताच मी पाहणाऱ्याच्या जागी सही केली, दोनदा गिरवली. आवाज थांबला. मला रडू आलं. वाटलं, सुटले.

घरी सरांनी ती पट्टी खिडकीशी नेली. त्यांना हल्ली कमी दिसतं. बराच वेळ ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ओळीने एकतीस वेळा एक. उभ्या आयुष्यात बघितले नव्हते. पण अग, सही एकच आहे की."

मी पाहिलं. चालवणाऱ्याच्या जागी हिरव्या शाईतली बारकीची सही होती, शेवटच्या अक्षराला फाटा मारलेली. माझी जागा कोरी होती. कागद उजेडात धरला तरी गिरवल्याची खूणसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. सरांना वाटतं, मी त्यांच्यासाठी जाते. पेन बदलून पाहिलं, शाई बदलून पाहिली, अंगठासुद्धा उमटवला. घरी येईपर्यंत जागा कोरी. दाराशी उभं राहून माफी मागितली, मग चिडून भांडलेही. एका सहीसाठी माणसाने किती ताटकळायचं? पण ती मला दर वेळी हाक मारायची, आणि त्या हाकेवर मी आठवडा काढायचे.

गेल्या रविवारी मी जरा उशिरा पोहोचले. जिन्यातच टकटक ऐकू आली. खोका मी सुरू केला नव्हता. कुलूप काढून आत गेले तर पट्टी संपत आली होती.

"ताई... बघितलंस ना?"

मी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधीच आतल्या खोलीतून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, शांत आणि मायेचा.

"बघितलं ग. आण इकडे."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दोघी हसल्या. कडी बाहेरून होती तशीच होती. मी पट्टीचं टोक उचललं. तिथे दोन्ही सह्या झालेल्या होत्या. पाहणाऱ्याची सही मी कधीच न पाहिलेल्या हाताची होती, शाई अजून ओली होती, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.