नीट जुनी केलेली भिंत

"कुणी सांगितलं होतं तुला त्या भिंतीला हात लावायला? ती खरीखुरी जुनी होती."

तो शिडीवरच थिजला. हातात ओला ब्रश. "मला वाटलं, आपल्यापैकीच कुणीतरी कच्चं काम करून ठेवलंय. म्हणून... नीट जुनी केली."

"नीट जुनी केली म्हणे," ती दातओठ खात म्हणाली.

त्याचं कामच ते. कुणाला जुन्या थाटाचा नाइटक्लब उघडायचा असला की याला बोलवायचे. नव्याकोऱ्या खुर्च्या घासायच्या, आरशांवर डाग पाडायचे, कालची भिंत आजोबांच्या वयाची करायची. आणि ही या हॉलच्या मालकाची पुतणी. हॉलमध्ये आधी काय काय होतं ते शोधून दारापाशी मांडायचं, हे तिचं काम. आधी जोडीने नाचायचा हॉल, मग बँडवाल्यांचा क्लब, मग डिस्को, शेवटी गोदाम... सगळं तिने हुडकून काढलेलं. तो तिला मास्तरीण म्हणायचा, ती त्याला घासणाऱ्या. चहा देताना तिची बोटं लागली, की त्याचा पॉलिशपेपर भलतीकडेच फिरायचा.

आज सकाळी, तो यायच्या आधी, गोदामाचं प्लायवूड निघालं आणि मागे भिंतीवर एक गाणारी बाई निघाली. रंगवलेली, पोपडे आलेली. मास्तरणीची आत्या.

"काका सगळ्यांना सांगतात, आत्या इथे तिकिटं फाडायची," ती म्हणाली. "ती गायची याला हा एकच पुरावा होता. संध्याकाळी येतेय ती. मी जेवायला काय गेले..."

तो खाली उतरला. "माझा रंग पाण्याचा आहे. निघेल. तिचा तेलाचा, तो टिकेल. पण..."

"पण काय?"

"आधी पॉलिशपेपर मारला होता मी."

"कुठे?"

"आठवत नाही."

दोघं ओला स्पंज घेऊन भिडले. कडेला डिस्कोचा चंदेरी रंग चमकला, त्याच्याखाली बँडवाल्यांचा निळा. मग झग्याची झालर. मग माइक धरलेला हात, करंगळी ताठ. वर चेहऱ्याच्या जागी नुसता चुना.

त्याने ब्रश उचलला. "फोटो दाखव. चेहरा मी काढतो. कुणाला कळणार नाही."

"तेच तर. कळणार नाही." तिचे डोळे भरले. "नको."

दारात काका उभे होते, बाजूला आत्या. ठरल्यापेक्षा लवकर आलेली.

"कुणाचा हात हा?" काकांनी विचारलं.

आत्या सावकाश स्टेजवर चढली, माइक उचलला. करंगळी आपोआप ताठ झाली. काका भिंतीकडे बघत राहिले, मग बहिणीकडे. "तिकिटं फाडायचीस ना गं तू," ते म्हणाले, पण आवाज पार पडला होता.

"सुट्टीच्या दिवशी," आत्या म्हणाली.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. घासणाऱ्याला न्यायला आलेला; त्याच्या कंत्राटदाराचं पुढचं काम दुसऱ्या शहरात होतं.

"वाचलास," मास्तरीण त्याच्याकडे न बघता पुटपुटली. "जन्मात बोलणार नव्हते तुझ्याशी."

"आणि आता?"

"आता विचार करतेय."

"लवकर कर की. ऐक... मला काहीही जुनं करून दाखवता येतं. तुझ्याबद्दलचं मात्र... अजून ओलं आहे. हात लावलास तर डाग पडेल."

तिने निळं झालेलं बोट त्याच्या मनगटावर टेकवलं. तसंच ठेवलं.

"पडू दे."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"सोड ना," तो म्हणाला. पण हात काही त्याने काढला नाही. "टेम्पो सुटेल गं... मला आता निघायलाच हवं."