भेगेच्या कडा

डॉक्टरबाईंच्या तपासणी केंद्रात सकाळी सगळ्यांत आधी गुडघे येत. म्हणजे गुडघे दुखणारी माणसं येत, पण टेक्निशियन त्यांना गुडघेच म्हणे. “बाई, बाहेर चार गुडघे आणि एक खुबा बसलाय,” असं दारातून सांगून तो मशीनकडे जाई. जिभेला हाड नसलेला, पण हात अचूक. सगळे त्याला मामा म्हणत. डॉक्टरबाई त्याच्या विनोदांना हसत नसत. आतल्या अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पांढऱ्या पेटीसमोर बसून त्या एक्स-रेच्या फिल्म वाचत. जिन्यावरून पडले म्हणणाऱ्या बाईचा हात मार चुकवताना मोडलाय, हे त्यांना हाडावरून कळे, आणि कळलं की त्या तसं लिहून देत. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

त्या दिवशी गुडघ्यांच्या मागच्या बाकावर तपास अधिकारी बसले होते. शेजारी एक म्हातारी, तिची सून, सुनेच्या मांडीवर शाळेत जायला लागलेली मुलगी. आणि जरा अंतर ठेवून, भिंतीला पाठ लावून ताठ बसलेला एक पुरुष.

म्हातारीला बाईंनी लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी एका गोदामाला आग लागली आणि राखेत एक प्रेत सापडलं. चेहरा उरला नव्हता. म्हातारीचा मुलगा त्या दिवसापासून बेपत्ता होता. त्याला सर्दीचा जुना त्रास, त्यामुळे त्याच्या कपाळाची फिल्म केंद्रात आधीपासून होती. कपाळाच्या हाडात हवेची पोकळी असते आणि तिची किनार ज्याची त्याची वेगळी असते, बोटांच्या ठशासारखी. बाईंनी प्रेताची फिल्म काढली, दोन्ही किनारी ताडून पाहिल्या आणि लिहून दिलं, माणूस तोच. डाव्या कानाच्या वर कवटीला भेग होती. तिच्या कडा धारदार होत्या. जिवंत हाडाची भेग हळूहळू बोथट होते, पुसट होते. ही तशी झालेली नव्हती. मार लागल्यावर माणूस जगला नव्हता. म्हातारीने तेव्हा दारात उभं राहून बाईंना तळतळाट दिले होते.

आता तिचा मुलगा परत आला होता.

निदान ती तसं म्हणत होती. महिन्यापूर्वी भर दुपारी तो दारात उभा राहिला. अंगावर भाजल्याची खूण नाही. इतके दिवस कुठे होतास म्हणून विचारलं, तर “इथंच” म्हणाला. अधिकाऱ्यांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा प्रयोगशाळेने परत केलं. नमुना फार जुना आहे, ताजा पाठवा.

“ताजाच होता,” अधिकारी म्हणाले. “माझ्यासमोर काढला. आता काय ते तुम्ही सांगा. मेला असंही तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगतील की,” म्हातारी म्हणाली. “माझ्या पोराला एकदा मारून झालंय. हात बसलाय त्यांचा.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पण त्या आत वळल्या तशी सून मुलीला बाकावर ठेवून मागोमाग आली आणि तिने दार लोटून घेतलं. तो माझा नवरा नाही, ती म्हणाली. चालतो तसाच, बाह्या दुमडतो तशाच, आमच्या भांडणातलं वाक्यन् वाक्य त्याला पाठ आहे. पण ताटातलं नुसतं चिवडतो. झोपतो तेव्हा कूस बदलत नाही. आणि दिवसभर पोरीकडे बघत बसतो. तिला घेऊन ती भावाकडे निघाली होती, तर सासूने दार अडवलं. बाप घरात बसलेला असताना मूल कुठे नेतेस, म्हणाली.

“तो बाप ठरला तर पोरगी त्याची. तुम्ही नाही म्हणा. एवढं एकदा नाही म्हणा.”

“फिल्ममध्ये असेल ते लिहीन.”

“फिल्मला त्याच्याबरोबर एका घरात राहायचं नाहीये, डॉक्टर.”

बाईंनी दार उघडलं आणि मामाला हाक मारली.

मामाने त्या माणसाला टेबलावर घेतलं. डोक्यात काय भरलंय ते आता कळेलच, असं काहीतरी तो म्हणाला. माणूस उताणा झाला आणि कोणी सांगायच्या आत त्याने मान किंचित डावीकडे कलवली. मामाची बडबड तिथेच थांबली. तो बाहेर आला तेव्हा हात पँटला पुसत होता.

“बाई, त्या प्रेताची मान ताठली होती. सरळ होईना म्हणून मी तशीच कललेली काढली होती, आठवतं?”

“मग?”

“ह्याचीही होईना.”

फिल्म आली. बाईंनी ती पांढऱ्या पेटीवर लावली आणि प्रेताची जुनी फिल्म तिच्यावर ठेवली. एकाच माणसाच्या दोन फिल्म कधीच अशा बसत नाहीत. डोकं केसभर तरी हलतं, किनारी दुहेरी दिसतात. इथे किनार एकच दिसली. डाव्या कानाच्या वरची भेगही एकच होती.

मामाने जुनीच फिल्म पुन्हा छापली, एवढाच याचा अर्थ असू शकत होता. बाई शिशाचा एप्रन चढवून स्वतः आत गेल्या. टेबलावरची कात्री उचलून त्यांनी त्या माणसाच्या कानाशी ठेवली, म्हणजे फिल्म आजची आहे याला पुरावा राहील. मग त्याच्या केसांत बोटं घालून भेगेची जागा दाबली. हाड किंचित आत गेलं.

“दाबा,” तो म्हणाला. “दुखत नाही.”

दुसऱ्या फिल्ममध्ये कात्री होती. भेगही होती, नव्या ब्लेडसारख्या कडांची.

बाईंनी पेन उचललं. काचेपलीकडे तो टेबलावरून उतरून बटणं लावत होता. आतला आवाज काचेतून येत नसे. तरी त्याने वर पाहिलं आणि ओठ हलवले तेव्हा तो काय म्हणाला ते त्यांना समजलं. जुळलं ना?

अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता. बाईंनी त्याचं उत्तर लिहिलं, माणूस तोच. खाली त्यांनी भेगेबद्दल सविस्तर लिहिलं, ही जखम जिवंत माणसाची असू शकत नाही असंही लिहिलं. अधिकाऱ्यांनी पहिली ओळ वाचून कागदाची घडी घातली. म्हातारीने मुलीचं बोट धरून ते त्याच्या हातात दिलं.

सून दारात थांबली.

“तेव्हा खरं लिहिलंत,” ती म्हणाली. “आज पण खरंच लिहिलंत. होय ना?”

उत्तराची वाट न बघता ती गेली.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, या वेळी मुलीसाठी. तो बाहेर बाकावर बसला. सून खंगली होती. पोरीला काय होतंय, असं बाईंनी विचारलं.

“काहीच नाही. पडली तरी रडत नाही. खोकत नाही. धावून आली तरी दम लागत नाही.” मग अगदी हळू म्हणाली, “छातीची काढा. एकदा बघा.”

मामाने मुलीला प्लेटसमोर उभं केलं, हनुवटी वर टेकवली, सुनेला बाहेर पाठवून शिशाचं जड दार लावलं. मोठा श्वास घे, म्हणाला. आता रोखून धर.

फिल्म घेतली तोच बाहेर एक म्हातारा गुडघा चक्कर येऊन कोसळला. मामा धावला.

बाईंनी मुलीची फिल्म लावली. फुप्फुसं स्वच्छ, हृदय जागच्या जागी, बरगड्या धड. मुलं हलतात, हुंदके देतात, त्यांच्या फिल्म धूसर येतात. इतकी नितळ फिल्म त्यांनी कुठल्या मुलाची पाहिली नव्हती. दोष नाही, असं लिहून त्यांनी पुढचा मणका घेतला. तो वाचून झाला. चहा आला, तो प्यायल्या.

मग मामा दारात उभा राहिला.

“बाई, मी तिला श्वास सोड म्हणालोच नाही.”

दोघं आत गेले.

मुलगी प्लेटसमोर होती. हनुवटी टेकलेली, छाती भरलेली, खांदे वर. तिने डोळे वळवून त्यांच्याकडे पाहिलं, शाळेत शहाणी मुलं बघतात तसं.

“सोड, बाळा,” बाई म्हणाल्या.

ती हलली नाही.

“झालं फिल्म काढून. सोड.”

शिशाचं दार बंद होतं. त्यातून कधी काही ऐकू येत नसे.

“सोड,” बाहेरून तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

मुलीने श्वास सोडला. आणि पुढचा घ्यायला तो कधी सांगतो, म्हणून दाराकडे बघत उभी राहिली.