अडतिसावा अर्थ

वत्सला आरवाडे यांनी अकरा वर्षं खपून ‘टेक’ या एवढ्याशा इंग्रजी क्रियापदाचे बेचाळीस अर्थ लिहिले होते. आणि आज सकाळी, हातातला चहा निवायच्या आत, त्यांना कळलं की त्यातला पाचवा अर्थसुद्धा कुणी वाचत नाही.

चुगली केली नजरकागदानं. दिसायला साधा, घडी घालता येणारा कागद. पण त्याच्या विणीत बारीक प्रकाशकण होते. वाचणाऱ्याची नजर कुठे रेंगाळली, कुठून पळाली, हे ते टिपायचे. मिरजेच्या कोशमंडळानं आपला इंग्रजी-मराठी विद्यार्थिकोश महिनाभर, विद्यार्थ्यांच्या संमतीनं, या कागदावर चालवून पाहिला होता.

“हे बघा, बाई,” मंडळाचे तरुण संचालक चंद्रहास मगदूम म्हणाले. ‘टेक’च्या पानावर नजर रेंगाळलेल्या वरच्या चार ओळी लाल झाल्या होत्या. खाली सगळं कोरं.

“लोकांना वाचायचा कंटाळा, त्याला मी काय करू?” वत्सलाबाई फणकारल्या.

“मंडळ क्रियापदांचा विभाग बंद करायचं म्हणतंय. काम यंत्राकडे जाईल.” मगदूम ओशाळले. “आपल्या चाचणीतली ती अस्मा बागवान पुढच्या महिन्यात परीक्षेला बसतेय ना? ती आपल्या कोशावर पास झाली, तर मी तुमच्यासाठी भांडेन. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत.”

अस्मा सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. एव्हाना जो तो कानात दुभाषी यंत्र घालून जगभर हिंडत होता, पण परदेशातल्या अतिदक्षता विभागांत त्याला बंदी होती. भाषांतराला लागणारा दीड सेकंद तिथे जिवावर बेतायचा. तिथे नोकरी हवी, तर इंग्रजी स्वतःच्या तोंडून यायला हवं. तोंडी परीक्षेत अस्मा दोनदा आपटली होती. तिसरी संधी शेवटची.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई वही घेऊन थेट तिच्या वॉर्डात जाऊन बसल्या.

“बाई, रागावू नका,” सलाईन बदलता बदलता अस्मा म्हणाली, “पण ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ हे मला पाचवीपासून ठाऊक आहे. ते पहिलं कशाला? मला ताप मोजायचाय, नाडी बघायचीय, टाके काढायचेत. या तिन्हींना इंग्रजीत काय म्हणायचं, ते कुठंय?”

“सव्विसावा, एकतिसावा आणि...” बाई पुटपुटल्या आणि वहीची पानं उलटू लागल्या.

तिन्हींना ‘टेक’च लागत होतं! पण कोशात अर्थ वयानुसार पंगतीला बसवलेले. सगळ्यात जुना अर्थ पहिल्या पाटावर, मग त्याची कुणाला गरज असो वा नसो. गुरूंनी तसंच शिकवलं होतं, बाईंनीही डोळे मिटून तसंच केलं होतं. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

मग काय, बाईंनी पदर खोचला! तीन आठवड्यांत चाळीस क्रियापदांची पानं उलटीपालटी झाली. आता पान सुरू व्हायचं मराठीतून, हातातल्या कामापासून: ‘ताप मोजायचाय?’ आणि समोर बोलणारा बोलेल तसं अख्खं वाक्य. आपली माणसं हमखास कुठे ठेचकाळतात, तेही लगेच खाली. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजी बोलणारे ती ‘टेक’ करतात, हे वाचून अस्मा खो खो हसली. “म्हणूनच मी नापास होत होते वाटतं!” नजरकागद आता वाचणाऱ्याच्या नजरेवरून त्याचं काम ओळखून पान लावायचा, परिचारिकेला वॉर्डातली वाक्यं वर, ट्रकचालकाला रस्त्यावरची. ‘घेणे’ बिचारं तळाशी गेलं.

परीक्षेच्या दिवशी तिचं थेट प्रक्षेपण बघायला मंडळाचं अख्खं कार्यालय पडद्यासमोर जमलं. अस्माचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग सुटला. ताप, नाडी, टाके, सगळं सुरळीत. वत्सलाबाईंच्या मुठी आवळलेल्याच.

शेवटच्या प्रसंगात परीक्षकांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांची भूमिका घेतली. त्या गृहस्थांची बायको आत्ताच वारली होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घातली. यावर काय बोलायचं, ते अस्माच्या पानावर नव्हतं.

अस्मानं खुर्ची जवळ ओढली. “टेक युअर टाइम,” ती हळूच म्हणाली. सावकाश होऊ द्या, मी इथेच आहे.

परीक्षकांनी डोळे पुसले. खरोखर ओले झालेले.

“पास!” निकाल झळकताच मगदूम ओरडले, आणि भर कार्यालयात शिट्टी वाजवली. विभाग वाचला. महिनाभरात चाळीस हजार जणांनी नवी पानं मागवली. “चाळीस हजार माणसं, चाळीस हजार वेगवेगळे कोश!” मगदूम भेटेल त्याला सांगत सुटले. वत्सलाबाईंना आनंद गगनात मावेना.

परदेशी निघायच्या आदल्या दिवशी अस्मा पेढे घेऊन आली. बाईंनी तिला जवळ घेतलं. “शेवटचं ते वाक्य कुठून आणलंस गं? वॉर्डाच्या पानात ते नव्हतं.”

“तुमच्या जुन्या यादीत होतं की! अडतिसावा अर्थ. एकदा वॉर्डातल्या एका आजोबांना जेवायला वेळ लागत होता, मी उगीच चाळत चाळत खाली गेले.” अस्मानं पेढा बाईंच्या हातावर ठेवला. “बाई, एक विचारू? मी परिचारिका आहे, हे तुमच्या कागदाला कळतं. पण उद्या मला दुसरंच कुणी व्हावंसं वाटलं, तर ते शब्द मला कोण दाखवणार?”