बाहेर सांडलेल्या काचा

"चोरी झाली हे सगळ्यांना मान्य आहे, वहिनी. पैसे तेवढे कुणी देत नाही!" शिवणकामवाली वैतागून म्हणाली.

काल सकाळी ती दुकानात आली तेव्हा दोन्ही शिलाई मशिनं गायब होती. कुलूप मात्र जागेवर, शाबूत. चोर फोडून आत शिरल्याची खूण असल्याशिवाय चोरी विम्यात बसत नाही. खिडकी फुटलेली होती. पण विमा कंपनीच्या सर्वेअरने ती पाहिली आणि घरच्यांवरच संशय घेतला. मशिनं नाहीत तर दुकान बंद.

चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या वहिनी खिडकीतून वाकल्या. काचा सगळ्या बाहेर, गल्लीत; म्हणजे खिडकी आतून फुटलेली.

त्यांचे दीर, भाऊजी, दाराच्या चौकटीला टेकले आणि ओरडले, "अरे देवा! शर्टाला हिरवा रंग लागला!"

"नीट उभे राहा ना, भाऊजी."

दुकानाची दुसरी किल्ली शिवणकामवालीच्या नणंदेकडे होती. ती फणकारली, "किल्ली माझ्याकडे, म्हणून चोरही मीच का?"

"दुकान आधी कोण उघडतं?" वहिनींनी विचारलं.

"मी," शिवणकामवालीचे सासरे म्हणाले. ते जुने सुतार. बोलता बोलता डगमगत्या स्टुलाला पाचर ठोकत होते. "झाडलोट माझीच. मोडकं-तोडकं माझ्याने बघवत नाही."

"मग काल काय मोडलं होतं, काका?"

हातोडी थांबली.

"हिनेच आतून—" भाऊजींनी नणंदेकडे बोट केलं.

"किल्लीवालीने दार कशाला रंगवलं असतं?" वहिनी म्हणाल्या. "बिजागऱ्यांचा रंग जुना, कोयंड्याभोवतीचा ओला. चोराने कोयंडा चौकटीतून उपटला. कुलूप लटकतच राहिलं. काकांनी सगळ्यांच्या आधी येऊन तो बसवला, पुट्टी भरली, रंग दिला. नंतर आठवलं, विम्याला खूण लागते. मग फोडली खिडकी."

सासरे पुटपुटले, "आत मशिनं नाहीत हे कळण्याआधीच हात चालला गं. मग सांगायची लाज वाटली."

"मामंजी!" सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरी खूण बुजवलीत आणि खोटी केलीत?"

"पुट्टीखाली फाटलेलं लाकूड असेलच," वहिनी म्हणाल्या. "सर्वेअरसमोर उकरा. पण आधी खिडकीचं कबूल करा."

"मग पैसे मिळतील?" सुनेने विचारलं.

"खोट्या खुणेपायी नाकारतीलही. पण नणंदेवरचा डाग तरी जाईल."

सासरे उठले, कोपऱ्यातली पटाशी घेऊन दाराकडे निघाले.

"बसा!" सून आणि नणंद एकदमच ओरडल्या. "सर्वेअर येईपर्यंत कशाला म्हणून हात लावायचा नाही!"