पिवळ्या पट्टीची जागा

"माफीनाम्यावर सही कर, फोटो पुसायला संमती दे, नाहीतर कोठडी. पोलिसांनी पाचपर्यंत मुदत दिलीय," फोटोग्राफर मुलगी दारातच म्हणाली. "पण मी त्यांच्या पिवळ्या पट्टीच्या बाहेरच होते. गेटाजवळच्या खांबाशी."

सकाळी रसायनांच्या गोदामाला आग लागून तीन कामगार भाजले होते. संकटकाळच्या दारावरचं कुलूप तिनं टिपलं आणि कॅमेरा जप्त झाला.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी चपला चढवल्या. मागोमाग त्यांचे दीर, भावोजी. निवृत्तीनंतर ते तपासात लुडबुड करत आणि त्या लुडबुडीला मदत म्हणत.

इन्स्पेक्टर गोदामापाशीच भेटले.

"पट्टी आठला बांधली. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. साडेआठला ही वीस पावलं आत सापडली. विषारी धूर होता, बाई. हिला काही झालं असतं म्हणजे?"

"आणि कुलूप?"

"कसलं कुलूप? गेल्या महिन्यात मीच पाहणी करून ना-हरकत दिलीय."

भावोजींना पटलं. अशा ठिकाणी पोलिसांचं ऐकायला नको का?

अग्निशमन दलाचे प्रमुख नळ्या गुंडाळून घेत होते. "नऊला फेस मारला. वाऱ्यानं रस्ताभर उडाला. मग धोका ओसरला."

"नंतर हद्द वाढवायला सांगितलीत?" वहिनींनी विचारलं.

"छे, कशाला?"

भावोजी पट्टीच्या खांबाला टेकले आणि सदरा पांढरा झाला. "खांब बरबटलाय, पट्टी मात्र कोरी करकरीत," ते कुरकुरले.

वहिनींनी पट्टी उचलून पाहिली. तिच्याखाली खांबावर फेस वाळला होता. मग प्रमुखांना सोबत घेऊन त्या गेटाजवळच्या खांबाशी गेल्या. तिथं पिवळ्या पट्टीची तुटकी गाठ होती, वाळलेल्या फेसानं माखलेली.

पाचला सगळे ठाण्यात जमले. इन्स्पेक्टरांनी माफीनामा पुढे सरकवला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तुमची पट्टी आठची, फेस नऊचा. मग फेस पट्टीखाली कसा? पट्टी नऊनंतर तिथं आली. आधीची गाठ गेटाजवळ आहे, फेसानं भरलेली. म्हणजे साडेआठला ही मुलगी हद्दीबाहेर होती. तुम्ही तिला पकडलंत आणि हद्द मागाहून वीस पावलं रस्त्याकडे सरकवलीत."

"वाऱ्यानं सरकली असेल."

"वाऱ्याला गाठ मारता येत नाही, साहेब. कुलपाचा फोटो बाहेर गेला की ना-हरकत तुमच्या अंगाशी येणार होती."

"दोन्ही खांब मी पाहिलेत. लेखी देतो," प्रमुख म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी कपाट उघडून कॅमेरा काढला.

"धोक्याच्या जागी मला अडवा, मी थांबेन," कॅमेरा घेत मुलगी म्हणाली. "पण मी थांबल्यावर रेघ हलवायची, हे चालायचं नाही. सही करणार नाही मी."

तिनं फोटो उघडून टेबलावर धरला. दारावर कुलूप होतं. वरच्या काचेला आतून एका हाताचा पंजा टेकलेला होता.

सकाळी आपण कुणाची बाजू घेतली, या विचारानं भावोजींना स्वतःचीच चीड आली.

"हा फोटो मोठा छाप, पोरी," ते म्हणाले. "आणि साक्षीला मला बोलाव."