वाळू संपेपर्यंत

खोटं न बोलण्याचं व्रत मी तेरा वर्षं पाळतेय. हे वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

गेल्या वैशाखातली गोष्ट. गाव आष्टी, आमचंच घर. दिवस नुकताच बुडाला होता.

मी सामायिकाला बसले होते. आम्हा जैनांचं सामायिक म्हणजे दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटं, एका आसनावर बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला शिवायचं नाही. समोर वाळूचं घड्याळ असतं. वाळू खाली उतरली की झालं.

लहानपणी ते घड्याळ उलटं करायला शेजारचा अंगद पळत यायचा. त्या वैशाखात बावीस वर्षांचा. फौजेत, सीमेवर.

दिवाळीच्या सुट्टीत हळूच म्हणाला होता, "काकू, लई भ्या वाटतं. तिथं पोरं झोपेत आईला हाका मारतेत. मी बी मारतो. आईला सांगू नका."

मी म्हटलं, "भीती वाटली की दोन घडी स्थिर बस. निघून जाते."

तो हसला. "तिथं कोण दोन घडी देतंय, काकू?"

तर त्या संध्याकाळी... वाळू नुकतीच सुटली होती.

"काकू, पाणी..."

दारात अंगद. वर्दीत.

फाटक वाजलं नव्हतं.

त्याला पाहून अंगणभर नाचणारा त्यांचा कुत्रा... गप्प होता.

मी नियमात होते. नुसता हात वर केला. थांब.

त्यानं मान हलवली. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला, वाळूकडे बघत.

मी डोळे मिटले.

वाळू संपली तेव्हा... तिथं कुणी नव्हतं.

लोटा भरून शेजारी गेले. नंदाबाई, त्याची आई, भाकरी थापत होती.

"अंगद कधी आला?"

"भाभी, उपासानं डोळे गेले बघा तुमचे. त्याला कुठली सुट्टी? सकाळीच फोन आल्ता त्याचा."

दुसऱ्या दिवशी फौजेतून फोन आला.

तेराव्याला त्याच्यासोबतचा सूरज आला. भोकरदनकडचा, त्याच्याच वयाचा. नंदाबाई आत गेल्यावर तो माझ्याशी बोलला.

"दिवस बुडताना पोटात गोळी लागली. पाणी मागून राह्यला होता. पोटात लागल्यावर पाणी द्यायचं नसतं. न्हाई दिलं आम्ही. मंग एकदम शांत झाला. म्हणला, काकूनं थांब म्हटलंय."

"किती वेळ होता?"

"पाऊण तास असंल. शेवटी एवढंच विचारलं त्यानं... वाळू संपली का?"

नंदाबाईला हे मी सांगितलेलं नाही. तिनं विचारलं तर खोटं बोलता येणार नाही. म्हणून मी तिच्याकडे जाणंच कमी केलंय.

आता सामायिकाला बसण्याआधी उंबऱ्यावर पाण्याचा लोटा ठेवते.

वाळू सुटली की बाहेर कुणीतरी बसतं.

मी वर बघत नाही.

लोटा रोज तसाच भरलेला राहतो. थांब म्हटलंय ना मी त्याला... घे म्हणायला बोलावं लागेल.

आणि वाळू संपून मला बोलता येतं, तेव्हा तिथं कुणी नसतं.